पुढची जागा रिकामी राहू दे

प्रिय भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वाहतूक कोंडीतून घरी आल्यावरही तासभर जीव शांत होत नाही, कट मारून गेलेल्या एका दुचाकीस्वाराला तू काच खाली करून जे बोललीस ते आठवून तुझी तुलाच लाज वाटते, आणि आता ही नोकरीच सोडावी का असे मनात येते, हे सगळे तू मोकळेपणाने लिहिले आहेस. मला मात्र लिहायला बसवले ते पत्रातल्या शेवटच्या ओळीने. ‘शांत राहायचे म्हणजे निमूटपणे सोसत राहायचे का?’ असे तू विचारतेस. धीराची चार गोड वाक्ये लिहून तुझा वेळ घेत नाही, कारण तुला गाडी उत्तम चालवता येते हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती ऐकून तुझी निराशा होण्याची शक्यता आहे. पुढच्या गाडीच्या मागे जागा सोड. रस्ता मोकळा असताना दोन सेकंदांचे अंतर ठेवावे हे शिकताना तुला सांगितले असेलच. पण कोंडी लागली की तो नियम सगळेच गुंडाळून ठेवतात, आणि नेमकी तिथेच त्याची खरी गरज असते. गाडी थांबवताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला जिथे टेकलेली असतात, ती जागा तुला आपल्या आसनावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली असेल तर तू फार जवळ गेली आहेस, आणि पुढची गाडी बंद पडली तर तुला बाजूने निघताही येणार नाही. रांग मुंगीच्या पावलाने सरकत असेल तर लगेच मागोमाग धावू नकोस. थोडी जागा होऊ दे, मग पहिल्या गियरमध्ये सावकाश पुढे जा, आणि पुन्हा ब्रेक लावण्याची वेळच शक्यतो येऊ नये इतक्या बेताने जा. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळवून ठेवू नकोस. तिच्या काचेतून किंवा टपावरून आणखी दोन-तीन गाड्यांचे दिवे पाहा. चौथ्या गाडीचे लाल दिवे लागलेले तुला आधी दिसले, तर पुढचा माणूस काय करणार हे त्याच्याही आधी तुला कळते.

याचा शांत राहण्याशी काय संबंध, असे तू म्हणशील. सारा संबंध याच्याशीच आहे. बंपरला बंपर लावून चालणाऱ्या माणसाचा पाय त्याचा स्वतःचा राहत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की याने दाबायचा, पुढचा हातभर सरकला की याने क्लच सोडायचा. डावा गुडघा भरून येतो, चक्रावरची पकड आवळत जाते, खांदे कानांपर्यंत चढतात आणि आपण श्वास रोखून धरला आहे हे त्याला कळतही नाही. शरीराला हा धोकाच वाटतो; ॲड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मारामारीसाठी तयार झालेले ते शरीर मग कोणाशी भांडायचे ते शोधू लागते. तुझा तो दुचाकीस्वार अशा वेळी समोर आला, एवढेच. जागा असली की त्याचे घुसणे तुला दोन सेकंद आधी दिसते, पाय ॲक्सिलरेटरवरून नुसता उचलला तरी भागते, दचकायला होत नाही. जिथे दचकणे नाही तिथे रागाला धरायला काही सापडत नाही.

दीर्घ श्वासाचा सल्ला तुला आतापर्यंत चौघांनी तरी दिला असेल. तो खोटा नाही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की खरोखरच बरे वाटते. पण बंपर चिकटवून बसलेल्या माणसाला तेवढा अवकाश मिळतो कुठे? आधी जागा, मग श्वास. उलट्या क्रमाने केलेला प्रयत्न दुसऱ्या सिग्नलपर्यंतही टिकत नाही.

आता तुझा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो आहे: ‘मावशी, जागा सोडली की लोक घुसतात!’ घुसतात, बाई, घुसू देत. सिग्नल हिरवा झाल्यावर एका रांगेतून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणजे तासभर अखंड हिरवा दिवा असता तर सुमारे १८०० गाड्या. सगळ्या वाटेत दहा जण तुझ्यापुढे घुसले तरी तुझे वीस सेकंद गेले. एखाद्या सिग्नलला त्यामुळे तू मागे राहशील आणि एक फेरा जास्त थांबावे लागेल, हेही धरून चाल. या हिशेबासाठी रक्त आटवण्याइतके ते मोठे नुकसान आहे का, हे तूच ठरव. खुपते ते वीस सेकंदांचे नव्हे, आपला हक्क कोणी हिरावला याचे, हे मला कळते; पण ती जागा तू स्वतः सोडलेली आहेस, तुझ्या हातून कोणी ओढून नेलेली नाही. एक जण घुसला की पुन्हा मागे राहा आणि पुन्हा जागा कर. दहा वेळा घुसले तर दहा वेळा कर.

शेजारची रांग नेहमी भराभर पुढे जाते, असेही तू लिहितेस. रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोन संशोधकांनी १९९९ साली नेमकी हीच तक्रार तपासली होती. दोन्ही रांगांची सरासरी गती सारखी असली, तरी आपण इतरांना ओलांडतो तेव्हा गाड्या दाटीने असतात आणि थोड्या वेळात पुष्कळ मागे पडतात. आपल्याला ओलांडले जाते तेव्हा त्या विरळ असतात आणि तो प्रकार बराच वेळ चालतो. म्हणून मागे पडत असल्याची जाणीव अधिक काळ टिकते, शिवाय पुढे गेलेली गाडी डोळ्यांसमोर राहते आणि मागे टाकलेली दिसेनाशी होते. त्यामुळे रांग बदलण्याची घाई करू नकोस. नकाशावरचा पोचण्याचा वेळ दर मिनिटाला पाहणे तर आधी बंद कर. तो आकडा तुझ्या संतापाला खाऊ घालण्यापलीकडे काही करत नाही, आणि उशिराचा निरोप द्यायचाच असेल तर तो निघण्यापूर्वी किंवा गाडी बाजूला नीट उभी करून द्यावा.

माझ्या या सवयीवरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. ‘बाईमाणूस चालवतेय, म्हणून एवढी जागा सोडलीय’ हे वाक्य मी शेजारच्या गाड्यांतून ऐकले, मागच्यांच्या हॉर्नमधून ऐकले आणि माझ्याच गाडीत शेजारी बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकले. तुझ्या आईने तर त्या हॉर्नच्या धसक्याने गाडी चालवणेच सोडून दिले, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे. मी मात्र हट्टाला पेटले. मागचा कितीही कर्कश वाजवो, माझ्यापुढची जागा किती असावी हे मागचा ठरवणार नाही, असे मी ठरवून टाकले. हा निव्वळ अहंकार आहे असे तुझ्या काकांचे मत आहे. असेलही, पण या अहंकाराने मला घरी धडधाकट आणि बोलण्याच्या मनःस्थितीत पोचवले आहे, आणि ‘घुसखोरांना थारा देऊ नकोस’ म्हणणारे तेच काका कोंडीतून उतरल्यावर जेवणाच्या ताटावरही तोंड उघडत नाहीत.

शिवाय मी चूक नव्हते, हे मला पुढे कागदावरही वाचायला मिळाले. जपानमधील संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या ठेवल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत राहायला सांगितले. तिथे सिग्नल नव्हता, चौक नव्हता, अपघात नव्हता. तरीही थोड्याच वेळात कोंडी झाली, आणि थांबलेल्या गाड्यांचा तो पुंजका ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकत राहिला. कारण एवढेच की एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने त्याहून थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि शेवटी कोणीतरी पूर्ण थांबला. पुढे अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील ट्यूसन येथे अशाच वर्तुळात वीसेक गाड्यांमध्ये संगणकाने वेग सांभाळणारी एकच गाडी सोडली. ती पुढच्याच्या मागे धावण्याऐवजी जागा राखून एका बेताच्या वेगाने चालत राहिली, तेव्हा थांबण्या-सरकण्याची ती लाट विरली आणि सगळ्यांचे मिळून इंधनही कमी लागले. जागा सोडल्याने रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत, हे मान्य. रस्त्याला पेलवतात त्याहून जास्त गाड्या आल्या तर कोंडी होणारच. पण पुढून आलेला धक्का मागच्याकडे जसाच्या तसा ढकलायचा की आपल्यापाशी जिरवायचा, एवढे तुझ्या हातात असते, आणि जागा असल्याशिवाय तो जिरत नाही.

म्हणून सोसण्याचा प्रश्न मला पटत नाही. सोसणारा माणूस आतून धुमसत, बंपर चिकटवून बसलेला असतो. रस्त्याची आखणी वाईट आहे, खोदकाम महिनोन्महिने रखडले आहे, याचा राग येणे रास्तच आहे. त्यासाठी घरी बसून तक्रार लिही, संबंधितांच्या मागे लाग, चार शेजाऱ्यांना सोबत घे. तो राग गाडीत बसून दुचाकीस्वारावर काढण्यात मात्र काही मर्दुमकी नाही. आणि रुग्णवाहिका मागून येते तेव्हा काय होते ते कधी नीट पाहा. वाट देण्याची इच्छा सगळ्यांना असते, पण बंपर चिकटलेल्या गाड्यांना तिरके व्हायलाच जागा नसते. जर्मनीत शहराबाहेरच्या अनेक रांगांच्या रस्त्यांवर वाहतूक पावलाच्या गतीवर आली की रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहताच सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधली वाट मोकळी ठेवायची, असा कायदाच आहे. ज्याने पुढे जागा सोडली आहे त्यालाच तो पाळता येतो. अशा वेळी आपल्याला भित्री म्हणणाऱ्यांचे चेहरे पाहण्याची मला फार इच्छा होते, हे तुझ्यापाशी कबूल करते.

नोकरी सोडण्याविषयी तू माझे मत विचारले आहेस, ते मी आत्ता देणार नाही. रोज संध्याकाळी दोन तास दुसऱ्याच्या ब्रेकवर नाचून आलेल्या माणसाने असले निर्णय घेऊ नयेत. महिनाभर जागा सोडून चालव, कोणी काहीही म्हणो. त्यानंतरही नोकरी नको वाटली तर पगार, काम आणि वरिष्ठ यांच्याविषयी सविस्तर लिही, म्हणजे आपण नोकरीबद्दल बोलू. या पत्रात तू त्यातल्या एकाचाही उल्लेख केलेला नाहीस.

तुझी,
मावशी