साठ भागिले तीन बरोबर वीस, आणि तरीही चूक

फिजिक्सला नियम आहेत, बायोलॉजीत नुसत्या याद्या पाठ करायच्या, मग तिला त्याच पंगतीत का बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. तक्रार शाळेच्या पुस्तकांबद्दल असेल तर शंभर टक्के मान्य. विषयाबद्दल असेल, तर हे वाचा.

१९५० च्या दशकातलं कोडं. डीएनएची अक्षरं चार, तीन-तीन अक्षरांचे शब्द केले तर होतात ६४. या शब्दांवरून प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो ॲसिड, ठरतात; ती मात्र २०. हे जमतं कसं? महास्फोट सिद्धांतवाले जॉर्ज गॅमो यात उतरले, पण त्यांची रचना टिकली नाही. १९५७ मध्ये डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले क्रिक (हेही मूळचे फिजिक्सचेच), ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांनी भलतीच देखणी तोड काढली. शब्दांमध्ये स्वल्पविराम नसतो, म्हणून वाचन मध्येच कुठून सुरू झालं तरी चुकीचा शब्द लागता कामा नये. या अटीत एकाच अक्षराचे चार शब्द बाद. उरले ६०. अबक, बकअ, कअब अशा फिरत्या तिघांतला एकच ठेवता येतो. म्हणजे बरोबर २०! एवढं सुबक गणित खोटं कसं असेल?

१९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी नुसत्या 'यू' अक्षरांची आरएनए साखळी (डीएनएचा मजकूर प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणारी प्रत आरएनएची असते) ई. कोलाय या जिवाणूच्या अर्कात घातली. तयार झाली फेनिलअलॅनिन या एकाच अमिनो ॲसिडची साखळी. 'यूयूयू'ला त्या सिद्धांतात अर्थच असायला नको होता. सिद्धांत निकालात! (खोटं ठरवता येणं ही तुमची विज्ञानाची कसोटी असेल, तर ती इथे पुरी झाली.)

पुढे खुराना वगैरेंच्या कामातून कोणत्या शब्दाला कोणतं अमिनो ॲसिड याचा तक्ता पूर्ण झाला, तो असा ओबडधोबड: ल्युसिनला सहा शब्द, ट्रिप्टोफॅनला एकच. त्यामागे काही रसायनशास्त्र असेलही, पण तक्ता तसाच टिकून राहिला तो मुख्यतः वारशाने. एका शब्दाचा अर्थ बदलला की तो शब्द जिथे जिथे येतो ती सगळी प्रथिनं एकदम बिघडतात, म्हणून बदलणारे जीव बहुधा तगत नाहीत.

या स्पष्टीकरणाची परीक्षाही झाली. १९७९ मध्ये कळलं, की इतरत्र 'प्रथिन इथे थांबवा' म्हणणारा 'यूजीए' हा शब्द आपल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग) ट्रिप्टोफॅन आणतो. सूत्राला हा अपवाद नडला असता. वारशाच्या हिशोबात तो चपखल बसतो: मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून प्रथिनं बनतात जेमतेम १३, त्यामुळे अर्थ बदलला तरी मोडतोड थोडीच.