‘कॉल ऑफ द व्हॅली’वरच्या तुझ्या प्रस्तावाविषयी

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा आणि हरिप्रसाद चौरसिया या तिघा वादकांच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेवर ‘थर्टी थ्री अँड वन थर्ड’ या इंग्रजी पुस्तकमालिकेसाठी पुस्तक लिहायचा तुझा मसुदा सवडीने वाचला. ही ध्वनिमुद्रिका तुला मनापासून आवडते, हे पहिल्याच पानावर कळते आणि दहाव्या पानावरही तेवढेच कळते, त्यापुढे काही नाही. ही मालिका २००३ साली सुरू झाली आणि आता ब्लूम्सबरी ही प्रकाशनसंस्था ती चालवते. एका अल्बमवर एक पुस्तक, साधारण तीस हजार शब्दांचे, आणि मालिकेचे नाव एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या, फिरण्याच्या गतीवरून (मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमक्या ३३⅓ फेऱ्या) घेतलेले, असा तिचा मामला आहे. प्रस्ताव मागवले की ते शेकड्यांनी येतात आणि त्यातल्या प्रत्येकाचे आपल्या अल्बमवर प्रेम असतेच. तेव्हा प्रेमाच्या बळावर निवड होत नाही. या अल्बमबद्दल असा कोणता प्रश्न तुझ्यापाशी आहे, ज्याचे उत्तर शोधायला तीस हजार शब्द खरोखर लागतील, हे संपादकाला पहिल्या दोन परिच्छेदांत दिसले पाहिजे.

तुझ्या मसुद्यात असा प्रश्न नाही असे नाही, पण तो पाचव्या पानावर एका वाक्यात येऊन जातो. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस एका तबकडीत बसवला आहे, एवढे म्हणून तू पुढे सरकली आहेस. जरा तिथेच थांब. रागसमयाचा संकेत, म्हणजे प्रत्येक राग त्याच्या ठरलेल्या वेळीच, पाळणारा कोणताही कलावंत एका बैठकीत पहाटेचा अहीर भैरव आणि रात्रीचा देस चाळीस मिनिटांत वाजवणार नाही. मैफलीत अशी गोष्ट घडतच नाही, ती फक्त तबकडीवर घडू शकते. म्हणजे १९६७ सालची ही निर्मिती मैफलीचे ध्वनिमुद्रण नव्हे, ती मुळातच तबकडीसाठी रचलेली आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीने ख्यालाला तीन-साडेतीन मिनिटांत आवरायला लावले, त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एलपीने नुसती जास्त वेळाची सोय केली, की हिंदुस्थानी संगीताला एक नवाच रचनाप्रकार दिला, हा तुझा प्रश्न आहे. तो पहिल्या परिच्छेदात आण.

एकदा तो वर आला की बाकीची माहिती आपोआप त्याच्याभोवती गोळा होईल. शिवकुमार शर्मांनी मुंबईत संतूर पहिल्यांदा जाहीरपणे वाजवले ते १९५५ साली, म्हणजे ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा या वाद्याला मैफलीत येऊन जेमतेम एक तप झाले होते. ब्रिजभूषण काबरांची गिटार अनेक रसिकांना अजून परकीच वाटत होती. हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्या मानाने मान्य, पण तीही सतार-सरोदच्या पंक्तीला नुकतीच बसलेली. ज्या वाद्यांचे मैफलीतले स्थान पुरते ठरलेले नव्हते, तीच या नव्या प्रकारासाठी निवडली गेली, हा योगायोग की हिशेब, याचा शोध घेणे हे एक अख्खे प्रकरण आहे. तू मात्र तिघांची चरित्रे एकामागून एक दिली आहेस; ती कुठेही वाचायला मिळतात.

निर्माते गोविंदराव जोशी तुझ्या मसुद्यात फक्त श्रेयनामावलीपुरते आहेत. मराठी लेखिकेकडून तरी ही अपेक्षा नव्हती. ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानात गेली बाई शीळ’ घराघरात पोचवणारा हा गायक पुढे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत अधिकारी झाला आणि त्याने मोठमोठ्या कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी राजी केले. रानातली शीळ गाणाऱ्या माणसाने पुढे खोऱ्यातली साद काढावी, हे वाक्य तुला सुचेलच. ते लिहिण्याचा मोह आवर, कारण त्यामागे पुरावा नाही. त्यापेक्षा मेंढपाळाची कल्पना मूळची कोणाची, निर्मात्याची की वादकांची, हे उपलब्ध आठवणी शेजारी शेजारी ठेवून तपास. त्यांत विसंगती सापडली तर ती दडवू नकोस, कारण अल्बमचा कर्ता कोण हा तुझ्या मूळ प्रश्नाचाच दुसरा भाग आहे.

आता एक चूक, जी जाणकार संपादक चटकन पकडेल. तू आठ रचनांचे विवेचन केले आहेस आणि शेवट बागेश्रीने झाला असे म्हटले आहेस. मूळ तबकडीवर पाचच रचना आहेत आणि ती पहाडीने संपते. घारा, मिश्र किरवाणी आणि बागेश्री सीडीच्या काळात मागून जोडल्या गेल्या आणि मोबाइलवर तू तीच आवृत्ती ऐकली आहेस. जुनी एलपी एखाद्या संग्राहकाकडे किंवा मुंबईच्या चोरबाजारात मिळते का पाहा. मेंढपाळाचा दिवस मध्येच कुठे थांबतो आणि ऐकणाऱ्याला उठून बाजू बदलावी लागते, हे ती हातात घेतल्याशिवाय तुला नीट लिहिता येणार नाही.

भाषेबद्दल थोडेच सांगतो. ‘अलौकिक’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द सरसकट काढ. त्याऐवजी पहिलीच रचना घे. तिच्या शीर्षकात अहीर भैरव आणि नट भैरव ही दोन नावे आहेत. रागांची लक्षणे पाहिली तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना कोमल रिषभ शुद्ध होतो, शुद्ध धैवत कोमल होतो आणि कोमल निषाद शुद्ध होतो. हे वळण कोणत्या वाद्यावर, कितव्या मिनिटाला येते आणि आधी कुठला स्वर बदलतो, एवढे ऐकून लिहिलेस तरी राग न जाणणाऱ्या इंग्रजी वाचकालाही पहाट सरून सकाळ झाल्याचे कळेल. तसेच, पाश्चात्त्य रॉक संगीतकारांना ही ध्वनिमुद्रिका किती आवडली याची यादी प्रस्तावाच्या तोंडाशी नको. ती यादी विक्रीच्या परिच्छेदात शोभते.

व्यवहाराच्या बाबी चटकन उरकतो. प्रकाशित पुस्तकांची आणि करार झालेल्यांची यादी आधी तपास. प्रकरणवार रूपरेषेत प्रत्येक प्रकरण काय सिद्ध करणार हे लिही, नुसता विषय नको. शर्मा आणि काबरा आज हयात नाहीत आणि चौरसियांची मुलाखत तुझ्या हातात नाही, तेव्हा तिचे आश्वासन देऊ नकोस. शब्दच नसल्याने गीतांच्या परवानगीची कटकट तुला नाही. मुखपृष्ठाचे चित्र आत छापायचे असेल तर मात्र सारेगामाकडे, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीकडे, विचारावे लागेल.

राहिला नमुना-मजकूर. तू तबला शिकतेस हे परिचयात अगदी शेवटी लिहिले आहेस आणि तबल्यावरच्या माणिकराव पोपटकरांचे नाव मसुद्यात कुठेच नाही, याचे मला नवल वाटले. नमुन्यासाठी भूपातली झपतालाची गत निवड आणि दहा मात्रांच्या त्या ठेक्यावर बसून सगळी रचना ऐक; तिघा वादकांकडे तबलजीच्या जागेवरून पाहणारे लेखन मी तरी अजून वाचलेले नाही. तेवढीच पाने आधी पाठव, बाकीचे नंतर बघू.

तुझा,
एक जुना वाचक