पुण्यातल्या एका शास्त्रीय गायिकेची वेबसाइट करतोय. झलक ऐकवून डाउनलोड विकायचे आहेत. पूर्ण फाइल कुणी फुकट उतरवू नये म्हणून काय करावं?

झलकेची फाइल वेगळी कापून ठेवा. पूर्ण फाइल प्लेअरला देऊन तो ३० सेकंदांनी थांबवू नका. मी कलाकारांच्या साइट्स बनवते आणि हे वारंवार दिसतं: प्लेअर थांबतो, पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये अख्ख्या फाइलचा पत्ता उघडा असतो. मूळ फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि पैसे जमा झाल्यावरच मुदतीची लिंक द्या. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेस साइटवर दुकान चालवायचं प्लगइन) डाउनलोडची संख्या आणि मुदत दोन्ही ठरवता येतात. पेमेंटला यूपीआय हवंच, इथला रसिक कार्ड शोधत बसत नाही.

झलक कुठून कापायची, हे गायिकेलाच विचारा. ख्यालाची पहिली ३० सेकंदं म्हणजे बहुतेकदा नुसता तानपुरा आणि षड्ज. बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तो तुकडा घ्या, तोही मिनिटभराचा, शेवटी आवाज हळूहळू उतरवून.

फाइलचा आकारही बघा. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे ४० मिनिटांचा ख्याल ४०० एमबी. ३२० केबीपीएसची एमपी३ शंभरच्या आत बसते. दर्दी लोकांसाठी फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी केलेली फाइल, वेगळी ठेवा.

मात्र हे सगळं ध्वनिमुद्रणाचे हक्क गायिकेकडे असतील तरच. कंपनीने किंवा आयोजकांनी केलेलं रेकॉर्डिंग असेल, तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या. तबला-पेटीच्या साथीदारांचीही घ्या, कारण कॉपीराइट कायद्याने वादकांनाही हक्क आहेत.