साखळी ‘तोडणारं’ ट्यूनिकामायसिन?

प्रश्न असा: पेशीत प्रथिनांवर शर्करांच्या साखळ्या बसतात; त्यात आडकाठी आणणाऱ्या ट्यूनिकामायसिनसारख्या लघुरेणूंना मराठीत ‘शर्करासाखळी-भंजक’ म्हणावं का?

नाही. भंजक, तोडक, विघटक सगळीकडे वाचायला मिळतात आणि तिन्ही चूक. तोडायला आधी साखळी हवी ना! प्रथिनावर बसलेली साखळी कापतं ते पीएनगेज-एफ हे विकर (एन्झाइम). त्याला खुशाल भंजक म्हणा. साखळी आधी जुळते ती डॉलिकॉल फॉस्फेट या मेद-रेणूवर. ट्यूनिकामायसिन त्याच्यावर पहिली शर्कराच चढू देत नाही, म्हणून ते ‘रोधक’. हा शब्दच्छल नव्हे. पेशींना मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम देऊन दोन तासांत वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारमानानुसार पट्ट्यांत वेगळी दाखवणारी चाचणी) केला, तर साखळीविना हलक्या झालेल्या प्रथिनाचा पट्टा खाली सरकायला हवा, पण तो बहुधा जुन्याच जागी दिसतो, कारण आधीचं साखळीवालं प्रथिन पेशीत शिल्लक असतं. ‘भंजक’ वाचून आलेला विद्यार्थी मात्रा वाढवतो आणि नीट घडी न पडलेली प्रथिनं साचून पेशी मरतात. त्यापेक्षा १६ ते २४ तास थांबावं, शेजारी तुलनेसाठी नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक) दिलेल्या पेशी ठेवाव्यात. किफुनेन्सिन या दुसऱ्या लघुरेणूला तर ‘रोधक’ही सैल होतो: साखळी बनते, फक्त तिच्यातले मॅनोज शर्करेचे घटक छाटले जात नाहीत. ते ‘छाटणीरोधक’.

पण खरी मजा नावात आहे. १९७१ साली जपानमध्ये ताकात्सुकी, अरिमा आणि तामुरा यांनी हे प्रतिजैविक नोंदवलं. विषाणूचं बाह्य आवरण ते बनू देत नाही, म्हणून लॅटिन ‘ट्यूनिका’, म्हणजे अंगरखा. त्याचं मूळ ‘तनु’मध्ये शोधणाऱ्या हौशी पंडितांनी कृपया थांबावं. हा अंगरखा लॅटिनने सेमिटिक शेजाऱ्यांकडून उसना घेतला. अक्कादी ‘कितू’ म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. ग्रीक ‘खिटोन’ त्याच घरचा, अरबी ‘कत्तान’ही. आणि कत्तान म्हणजेच आपलं किंतान! पावसाळ्यात दाराला लावतात ते. किंतानाला कुणी देशी म्हणो, माझ्या लेखी ते ट्यूनिकामायसिनचं चुलत भावंड आहे. धागा जवसाचा जाऊन तागाचा आला, एवढंच.

हो, प्रश्न राहिला. नुसतं ‘शर्करासाखळी-रोधक’ही मोघम होईल. ट्यूनिकामायसिन प्रथिनातल्या अस्पॅराजीन या अमिनो आम्लावरच्या साखळ्या, म्हणजे ‘एन-साखळ्या’, अडवतं. सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरच्या साखळ्यांसाठी बेंझिल-गॅलनॅकसारखं, विकराला भुलवणारं वेगळं आमिष लागतं. ‘एन-साखळीरोधक’ लिहा.