शिरोळ तालुका पाण्यामागून वाचावा

कोल्हापूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याच्या अभ्यासाचा तुझा आराखडा वाचला. भूगोल, लोकजीवन आणि अर्थव्यवस्था अशी तीन प्रकरणं पाडली आहेस. माझं स्पष्ट मत, ही विभागणी मोडून टाक. नदीकाठच्या रानात ऊसच का, याचं अर्धं उत्तर भूगोलात सापडेल आणि उरलेलं अर्धं विकास सोसायटीच्या, म्हणजे गावच्या शेतीकर्ज संस्थेच्या, कर्जाच्या वहीत. म्हणून पाण्यामागून चाल. पाणी कुठून येतं, ते कोण उचलतं, कुठं तुंबतं आणि त्यातून आलेला पैसा कुणाच्या हातात कधी पडतो, हे शोधत गेलं की माणसं, जमीन आणि बाजार त्याच वाटेवर भेटतात.

त्याआधी कागदांचा घोळ मिटवून घे. तहसीलदारांचा तालुका आणि गटविकास अधिकाऱ्यांचा गट यांची नावं एकच असली तरी आकडे एक नसतात. पंचायत समितीच्या आकड्यांत फक्त ग्रामपंचायतींची गावं येतात. जयसिंगपूर आणि कुरुंदवाड नगरपरिषदेत असल्यानं त्यातून बाहेर. शिरोळचं आणखी वेगळं: २०११ च्या जनगणनेच्या वेळी तिथं ग्रामपंचायत होती, नगरपरिषद नंतर झाली. त्यामुळे जुना ‘ग्रामीण’ आकडा आणि पंचायत समितीचा आजचा आकडा शेजारी ठेवून वाढ-घट काढलीस तर ती खोटी निघेल. प्रत्येक आकड्यापुढं साल आणि कार्यालय लिही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, हेही वाचकाला सांग.

जनगणनेतली आणखी एक मेख सहसा कुणी बघत नाही. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. तेव्हा गळीत हंगाम भरात असतो आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या गावाबाहेर खोपी घालून राहिलेल्या असतात. जो त्या सगळ्या काळात जिथं मुक्कामाला, त्याची मोजणी तिथं. एखाद्या लहान गावात लोकसंख्या एकदम फुगलेली किंवा साक्षरता घसरलेली दिसली तर निष्कर्ष लिहिण्याआधी त्या गावात टोळ्यांचा तळ पडतो का, हे विचार.

आता पाणी. हा तालुका पावसाच्या बाबतीत गरीब आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. तरी महापुराचा सगळ्यात मोठा मार खाणाऱ्या तालुक्यांत शिरोळ येतो, कारण इथला पूर इथल्या पावसाचा नसतोच. उत्तरेच्या हद्दीवरून वारणा येते, कृष्णा कोयनेचं पाणी घेऊन सांगलीकडून उतरते, पंचगंगा कोल्हापूरहून येऊन नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि दक्षिणेला दत्तवाड-दानवाडच्या अंगानं दूधगंगा वाहते. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा उरत नाही. पाणी मागं रेटतं आणि दिवसच्या दिवस उतरत नाही. या फुगवट्यामुळंच २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाऊस उघडल्यावरही गावं पाण्यातच होती.

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जिल्ह्यातल्या लहान पोरालाही तोंडपाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पण शिरोळसाठी एवढ्या आकड्यावर भागत नाही. कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती, राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे सगळं एका तक्त्यात तारीखवार मांड. त्याच तक्त्यात नृसिंहवाडीचा एक रकाना ठेव. दत्त मंदिरात पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांचा तो पर्वकाळ, आणि काठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती पिढ्यान्‌पिढ्यांची पूरपट्टीच. ‘वाडीत दक्षिणद्वार झालं’ म्हटल्यावर कुणी नदीवरच्या पाण्याच्या मोटारी वर काढायच्या, कुणी जनावरं हलवायची, हे औरवाड, गौरवाड, कवठेगुलंद, बुबनाळ, आलास, गणेशवाडी या पट्ट्यात फिरून विचार. पुराच्या खुणा मोजताना घराच्या जोत्यापासून टेपनं उंची घे, एका गल्लीतल्या निदान तीन घरांत घे आणि कोणत्या सालची खूण ते जागेवरच लिही. एकाच भिंतीवर २०१९ आणि २०२१ अशा दोन रेघा असतात, घरी येऊन लिहिलंस की त्यांची अदलाबदल होते.

उन्हाळ्यातलं पाणी समजून घ्यायचं असेल तर बंधाऱ्यावर अर्धा दिवस काढ. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जातो तो हाच. इथं बघितला नाही तर कुठं बघणार? पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत एकावर एक बसवलेले लाकडी किंवा लोखंडी बरगे. बरग्यांच्या दोन ओळी असतात आणि मधली पोकळी माती ठासून भरतात. पाणी खरं अडवते ती ही माती. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला काढायचे. घालायला उशीर झाला तर वाहतं पाणी निघून गेलेलं असतं आणि फेब्रुवारीतच ओरड सुरू होते. काढायला उशीर झाला तर पहिल्या लोंढ्यात ओंडके, जलपर्णी बरग्यांना अडकते, पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठ ढासळतो. गळका बंधारा बघितलास तर मातीची भर निसटली आहे की बरगेच कमी आहेत, हे नीट बघून लिही. राजापूरचा बंधारा मात्र चुकवू नकोस. कृष्णा कर्नाटकात शिरण्याआधीचा तो आपल्याकडचा शेवटचा, त्यामुळे टंचाईत त्याचं पाणी हा दोन राज्यांचा विषय होतो.

नदीतलं पाणी रानात जातं ते सहकारी पाणीपुरवठा संस्थांमार्फत. काठावर जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), तिथून वर पाईपलाईन, वरच्या टाकीतून पाट. संस्थेच्या सचिवाकडून तीन गोष्टी घे: भिजणारं एकूण क्षेत्र, पाळी किती दिवसांनी येते आणि पाणीपट्टी कशावर ठरते. बहुतेक ठिकाणी ती एकरावर असते. पाणी किती घेतलं यावर पैसे नाहीत, आणि त्यात रात्रीची वीज. शेतकरी दारं धरून, म्हणजे सरीसरीला पाणी वळवत, रात्रभर उभा कसा राहणार? मोटार चालू करून तो घरी येतो आणि पाणी सकाळपर्यंत सरीत वाहत राहतं.

काळ्या, खोल, चिकण जमिनीत असं वर्षानुवर्षं होत गेलं की खालची पाण्याची पातळी वर येते. ते पाणी आपल्याबरोबर क्षार आणतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतो. यालाच क्षारपड म्हणतात. या विषयाला घाई करू नकोस, तालुक्याचं सगळ्यात खोल दुखणं हेच आहे. सकाळी लवकर जा, तेव्हा सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशीसारखी पूड स्पष्ट दिसते. बोटानं उचल, खारट लागते. पलीकडं लव्हाळा माजलेला असेल, ऊस ठिपक्याठिपक्यानं खुरटलेला असेल. नमुना घेताना वरची पूड बाजूला कर, खड्डा घे आणि ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटीमीटर अशा तीन थरांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो भर. एकत्र केलीस तर क्षार वरून साचलाय की खालून चढतोय, ते कळणार नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन आकडे बघ. विद्युतवाहकता (क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त; सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपणाकडं, म्हणजे सोडियमनं घट्ट होऊन निचरा बंद होण्याकडं, गेलेली. पहिलीला निचरा करून गोड्या पाण्यानं धुवून काढता येतं, दुसरीला आधी जिप्सम लागतं. हा फरक न लिहिता नुसतं ‘जमीन नापीक’ असं लिहू नकोस.

उपाय म्हणून जमिनीत तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाईप टाकतात, त्यावर गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. या पाईपा मोठ्या पाईपला मिळतात आणि ती ओढ्याला. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण ओढा चार जणांच्या रानापलीकडं असतो. मधल्या एकानं पाईप जाऊ दिली नाही की वरच्या सगळ्यांचं काम अडतं. शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन गावंच्या गावं एकत्र आणली, म्हणून इथं हे काम मोठ्या क्षेत्रावर दिसतं. अशा गावात गेलं की ओढ्याचं तोंड आधी बघ. ओढा गाळानं भरला असेल किंवा पाईपचं तोंड पाण्याखाली असेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात.

आता ऊस. नदीकाठी पूर येतो हे माहीत असूनही लोक ऊस लावतात, याला हाव म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. सोयाबीन चार दिवस पाण्यात राहिलं की संपलं. ऊस उभा राहतो, फक्त शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या कोंबात) गाळ बसता कामा नये. शिवाय उसाची नोंद कारखान्याकडं असते, त्या भरवशावर सोसायटी पीककर्ज देते आणि बिलातून ते परस्पर कापूनही घेते. दुसऱ्या कुठल्या पिकामागं अशी साखळी उभी नाही.

उसाचं क्षेत्र काढताना जपून. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात असते, म्हणजे ती दोन वर्षांच्या पीकपाहणीत येते. आडसाली, पूर्वहंगामी आणि ‘सुरू’ या तीन लागणी आणि खोडवा (तुटल्यावर पुन्हा फुटलेला ऊस) असे चार रकाने कर आणि तुटलेला ऊस व उभा ऊस वेगळा ठेव. सातबारावरचं क्षेत्र आणि कारखान्याच्या शेती गट कार्यालयातली नोंद यांत फरक सापडेल, कारण एकाच घराचा ऊस भावाच्या, बायकोच्या नावानं, दोन कारखान्यांकडंही नोंदलेला असतो. गावातला चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा ऊसनोंदीचा माणूस, हे दहा मिनिटांत उलगडून सांगतो. खातेफोडीचंही तसंच: आठ-अ वर (खातेदाराच्या जमिनीच्या उताऱ्यावर) चार खाती आणि चूल एक. म्हणून ‘सरासरी धारणा’ चुलीवर काढ, खात्यावर नको. गुंठे आणि आर यांत थोडाच फरक आहे, तरी एका तक्त्यात एकच माप वापर.

कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) धरून ठरते. आपल्याकडचा उतारा त्याहून जास्त, म्हणून दर चढतो, पण तोडणी-वाहतूक वजा झाल्यावर हातात काय आलं ते विचार. दरावरची ओढाताण समजायला शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला हजर राहा. हंगाम कधी सुरू होणार हेही पुष्कळदा तिथं ठरलेल्या मागणीवर अवलंबून असतं.

घराचा जमाखर्च घेताना ‘वार्षिक उत्पन्न किती?’ असं विचारू नकोस, कुणी खरं सांगणार नाही आणि कुणाला खरं माहीतही नसतं. पैसा कधी येतो ते विचार. उसाचं बिल वर्षातून एकदा आणि ते बरंचसं सोसायटीतच जिरतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी; किराणा, दवाखाना, शाळेची फी त्यावर चालते आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या हिशेबात असतं. भाजीचा पैसा रोजचा. भांगलणीला जाणाऱ्या बाईची मजुरी आठवड्याची. ही चार कॅलेंडरं शेजारी मांडलीस की पुराच्या साली कोणतं घर आधी कर्जात गेलं, ते दिसेल. ज्याच्याकडं फक्त ऊस, ते उभं राहायला वेळ घेतं; ज्याची म्हैस वाहून गेली, त्याचा पुढच्या दहा दिवसांचा किराणा थांबतो. माहिती घ्यायला घरातल्या बाईशी बोल, पुरुषमंडळी रानात असताना.

माणसांबद्दल थोडंच लिहितो. इथं जैन शेतकरी समाज मोठा आहे. बरोबर मराठा, लिंगायत, धनगर, मुस्लिम, दलित वस्त्या. हद्दीवरच्या गावांत घरात कन्नड आणि बाजारात मराठी अशी घरं आहेत, म्हणून ‘मातृभाषा’ विचारताना ‘घरात काय बोलता?’ असा साधा प्रश्न कर. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं आणि कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. जुने जमिनीचे कागद बघताना गाव कोणत्या संस्थानात होतं ते आधी ठरव. जयसिंगपूर ही शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं आखून वसवलेली पेठ, तिचे सरळ रस्ते बघितले की ते कळतं. आणि दवाखाना-बाजारासाठी तालुका कोल्हापूरपेक्षा सांगली-मिरजेकडं जास्त जातो, तेव्हा नकाशा जिल्ह्याच्या रेघेवर थांबवू नकोस.

गावं पाच घे, जास्त नकोत: कृष्णेपलीकडचं पुराचं एक, क्षारपडीचं एक, दूधगंगेकाठचं हद्दीवरचं एक, निमशिरगाव-तमदलगेकडच्या माळाचं एक आणि जयसिंगपूरला चिकटलेलं एक. माळाचं गाव वगळायचा मोह होईल, तिथं ‘काही नाही’ असं वाटतं. पण मुरमाड, पाण्याला तहानलेली ती जमीन बघितल्याशिवाय काठावरच्या पाण्याची किंमत लिहिता येणार नाही. पहिली फेरी मे महिन्यात कर, बरगे निघायच्या आधी. दुसरी ऑगस्टमध्ये, पण पाण्याचा अंदाज घेऊन आणि गावात कुणाला तरी सांगून. तिसरी जानेवारीत, तोडी चालू असताना. मे महिन्याच्या फेरीच्या वह्या जूनमध्ये घेऊन ये. तक्ते जुळवायला दोन दिवस लागतील, तेवढी सवड काढून ये.

तुझा शुभचिंतक