ठाण्यात नवीन आहे, दोन रविवारांत उत्तर कोकणाचा इतिहास बघायचा तर कुठे जाऊ?

पहिला रविवार अंबरनाथला द्या. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणंच, पण त्यांचं काम डोळे भरून दिसतं ते अंबरनाथच्या शिवमंदिरात. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी सगळं सपाट दिसतं. स्टेशनहून रिक्षा मिळते.

दुसरा रविवार वसई किल्ल्याला. १५३४ च्या तहानंतर वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. आत पडक्या चर्चच्या उंच भिंती आहेत आणि चिमाजी अप्पांचं स्मारकही. दिवा स्टेशनहून वसईला थेट मेमू लोकल जाते. फेऱ्या मोजक्या, वेळ बघूनच निघा. येताना सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मिळाली तर घ्याच. वसईच्या राजेळी केळ्यांची असते.

ठाण्याचा किल्ला मात्र विसरा, तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे! त्यापेक्षा नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी चेंदणी कोळीवाड्यात चक्कर मारा. थंडीत ऐरोलीहून खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघता येतात, भरतीची वेळ आधी विचारा.