मॅनॉर कोर्टाच्या नोंदी वाचायला घेताय? आधी हे बघा

मॅनॉर म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जमीनदाराची जहागीर, आणि मॅनॉर कोर्ट म्हणजे तिथलं त्याचं न्यायालय. नोंदी मुळात लॅटिनमध्ये आहेत, पण लॅटिन येईपर्यंत थांबू नका. यॉर्कशरमधल्या वेकफील्ड मॅनॉरच्या नोंदी १२७४ पासूनच्या आहेत, बऱ्याचशा इंग्रजीत छापल्यात. तिथूनच सुरुवात करा.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- प्रत्येक दंड म्हणजे गुन्हा नव्हे. घरी बिअर करून विकणाऱ्या त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा दंड भरताना दिसतील. तो बहुतेकदा धंद्याचा परवानाच!
- नोंदीत नाव नाही म्हणून माणूस गावात नव्हता असं धरू नका. भूमिहीन मजूर क्वचितच सापडतात.

कूळ मेलं की जमीनदार सहसा त्याचं सर्वांत चांगलं जनावर घेई. १३४९ च्या नोंदींत अशा मृत्यूंची रांगच लागते. प्लेग तिथे दिसतो. जमीन हस्तांतराची किचकट कलमं सध्या सोडा. एकच गाव, दहाएक वर्षं, एवढंच धरा.